गोदामापुढचे डांबरी आवार : काळे म्हणजे पक्के नव्हे

व्यापारी माणूस दुकानाची पाटी रंगवून घेतो, गादीवरची चादर बदलतो, काटा तपासून घेतो. पण ज्या जमिनीवरून त्याचा सगळा माल आत येतो आणि बाहेर जातो, तिच्याकडे खड्डा पडेपर्यंत पाहत नाही. मी स्वतःही याला अपवाद नव्हतो. आज जे लिहीत आहे ते पुस्तकातून कमी आणि नुकसानीतून जास्त शिकलो आहे.

भिवंडीत आमचे ग्रे कापडाचे गोदाम आहे. गोदामापुढे ४० फूट रुंद आणि ६० फूट लांब असे आवार आहे. अब्बांच्या काळात तेथे मुरूम होता. उन्हाळ्यात धूळ उडून तागे मळकट होत आणि पावसाळ्यात टेम्पोची चाके रुतत, म्हणून पुढे आम्ही डांबरीकरण करून घेतले. काही वर्षे ते चांगले चालले. नंतर रंग उडून करडा झाला, बारीक भेगा दिसू लागल्या, एका कोपऱ्यात खडी सुटली.

१५-१६ वर्षांपूर्वीची गोष्ट. मे महिन्याचा शेवटचा आठवडा होता. एक इसम टेम्पोत पिपे घेऊन आला आणि म्हणाला, "सेठ, पुढच्या रस्त्याच्या कामातला माल उरला आहे. परत नेण्यापेक्षा तुमचे आवार काळे करून देतो. अर्ध्या पैशात." आमच्या मेहतांनी हळूच सांगितले, "बिल द्यायला तयार नाही म्हणतो." मी म्हटले, जमिनीच्या कामाला कसले बिल! संध्याकाळपर्यंत सगळे आवार नव्या बुटासारखे चमकू लागले. खडी दिसेनाशी झाली, भेगा दिसेनाशा झाल्या. दोन-तीन शेजाऱ्यांनी त्या माणसाचा पत्ताही विचारून घेतला.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पहिला पाऊस पडला. आमच्याकडे २० वर्षे काम करणारे एक हमाल होते. वयाने माझ्याहून मोठे, मी त्यांना मामू म्हणतो. पाठीवर गाठ घेऊन टेम्पोकडे निघाले आणि त्या गुळगुळीत काळ्यावर त्यांचा पाय सरकला. गाठ मांडीवर पडली, मांडीचे हाड मोडले. शस्त्रक्रिया झाली, आत सळई घातली, दिवाळीपर्यंत ते घरी होते. उपचाराचा खर्च आम्ही केला, पण गाठ उचलण्याचे काम त्यांना पुन्हा कधीच जमले नाही.

त्यानंतर माल बिघडला. तो लेप धड सुकलेलाच नव्हता. टायरला आणि चपलांना लागून काळे गोदामाच्या फरशीवर आले आणि फरशीवरून कापडावर. एका व्यापाऱ्याने तीन गाठी परत पाठवल्या. डांबराचा डाग ब्लीचिंगमध्येही जात नाही, हे कापडवाल्यांना वेगळे सांगायला नको. दिवाळी येईपर्यंत लेपाचे पोपडे सुटले आणि खालच्या भेगा पूर्वीपेक्षा रुंद होऊन वर आल्या.

आमच्या मोहल्ल्यात रस्त्याच्या कामावरून निवृत्त झालेले एक मिस्त्री आहेत. सगळे त्यांना चाचा म्हणतात. त्यांना बोलावले. त्यांनी उकिडवे बसून किल्लीने लेप ओरबाडला, बोटावर घेऊन वास घेतला आणि म्हणाले, "बेटा, यात डांबर थोडे आणि रॉकेल व जळके ऑइल जास्त आहे. आणि खरे डांबर असते तरी काय झाले असते? मोतीबिंदूच्या डोळ्याला तू सुरमा लावलास."

तारकोल, डांबर आणि बिटुमेन

डांबर या शब्दातच थोडा घोटाळा आहे. उर्दू शाळेत आम्ही 'तारकोल' म्हणत असू. इंग्रजी कोलटारचेच ते उलटे झालेले रूप. कोलटार दगडी कोळशापासून निघतो. कोळसा बंद भट्टीत तापवून कोक तयार करताना तो बाहेर पडतो. कपड्यांच्या पेटीत आपण ज्या डांबराच्या गोळ्या टाकतो, त्यांतले नॅप्थलीन मुळात या कोलटारमधून काढत, म्हणून ते नाव. १८५६ मध्ये विल्यम हेन्री पर्किन या १८ वर्षांच्या इंग्रज तरुणाने ज्या अॅनिलिनपासून जांभळा रंग तयार केला आणि कृत्रिम रंगांच्या धंद्याचा पाया घातला, ते अॅनिलिनही कोलटारमधलेच. कापडवाल्याचे कोलटारशी नाते असे जुने आहे.

आज रस्त्यावर आणि आवारात पडते ते मात्र बिटुमेन. कच्चे खनिज तेल शुद्ध करताना तळाशी उरणारा हा जड, चिकट भाग. तोंडात नाव डांबराचेच राहिले. डांबरी थरात वजनाने साधारण ९५ भाग खडी आणि भुकटी असते आणि बिटुमेन फक्त ५ भागांच्या आसपास. म्हणजे भार पेलते ती खडी आणि तिच्या खालची दगडाची भर. बिटुमेनचे काम खडीला खडी धरून ठेवण्याचे आणि पाणी अडवण्याचे. हे एकदा ध्यानात आले की पुढचा सगळा हिशेब सोपा होतो.

वरून लावायच्या काळ्या लेपाला सीलकोट म्हणतात. अमेरिकेत घरापुढे मोटार नेण्याची खासगी डांबरी वाट असते आणि ती दर काही वर्षांनी अशा लेपाने काळी करण्याचा तेथे मोठा धंदा आहे. गावाकडे आपण अंगण सारवतो, तसेच हे सारवण समजा. सारवल्याने अंगण बसते, धूळ मरते. पण खचलेले अंगण सारवून वर येत नाही. लेपाची जाडी जेमतेम मिलिमीटरभर. तो ऊन आणि पाणी अडवतो, ट्रकचे वजन पेलत नाही.

अमेरिकेतील या लेपांविषयी एक गोष्ट आपल्यालाही माहीत असावी. तेथे दोन प्रकारचे लेप चालत, बिटुमेनचे आणि कोलटारचे. डिझेल आणि ऑइल बिटुमेनला विरघळवतात, कारण दोघेही एकाच खनिज तेलाची लेकरे. कोलटारवर डिझेलचा तसा परिणाम होत नाही, म्हणून तो लोकांना आवडे. पण त्यात पॉलिसायक्लिक अरोमॅटिक हायड्रोकार्बन नावाचे घातक पदार्थ बिटुमेनच्या लेपापेक्षा सुमारे हजार पट असतात, असे तेथील सरकारी भूगर्भ सर्वेक्षण संस्थेने दाखवून दिले. कोलटार पिच कर्करोगकारक आहे हे जागतिक पातळीवर मान्य झालेले आहे. टेक्सासमधील ऑस्टिन शहराने २००६ पासून अशा लेपावर बंदी घातली, वॉशिंग्टन राज्याने २०११ मध्ये आणि मिनेसोटाने २०१४ पासून. ऑस्टिनमध्ये घरांतली धूळ तपासली तेव्हा, ज्या इमारतींच्या वाहनतळावर कोलटारचा लेप होता तेथे हे पदार्थ इतर घरांपेक्षा सुमारे २५ पट निघाले. हा अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. आवारातले काळे पायाला लागून आत येते हे मी तीन गाठी गमावून शिकलो होतो; तेथे ते मुलांच्या खोलीपर्यंत गेले. तेव्हा "डिझेल लागले तरी हलत नाही" असे सांगून कोणी कोलटारचा माल देऊ लागला तर घेऊ नये. आवारात माणसे काम करतात, जेवतात, कधी झोपतातही.

आवार कसे मरते

उन्हाने बिटुमेन म्हातारे होते. हवा आणि उष्णता त्यातला लवचिकपणा काढून घेतात, ते ठिसूळ बनते, रंग काळ्याचा करडा होतो आणि केसासारख्या भेगा पडतात. इथपर्यंत विशेष बिघडलेले नसते. खरे नुकसान पाणी करते. भेगेतून ते खालच्या भरीत उतरते, भर मऊ होते, वरून भरलेला ट्रक गेला की दाबाने पाणी मातीसह वर उसळते आणि खाली पोकळी राहते. पुढच्या ट्रकला तेथे खड्डा पडतो. कोकणपट्टीच्या पावसात हे एका मोसमात होते. म्हणूनच जी भेग डिसेंबरात एका माणसाचे एक दिवसाचे काम असते, ती पुढच्या ऑगस्टात ट्रकभर खडीचे काम होऊन बसते.

तेल ही तिसरी गोष्ट. जुना ट्रक जेथे रोज उभा राहतो तेथे थेंब थेंब गळते आणि खडी हाताने निघेल इतकी सैल होते. पेट्रोलपंपावर गाड्या उभ्या राहतात ती जागा बहुतेक ठिकाणी काँक्रीटची किंवा ब्लॉकची का असते, याचे कारण हेच.

चाचांनी आमच्या आवारात पाहणी केली ती लेपाची नव्हे, उताराची. एक बादली पाणी मागवले आणि मागच्या भिंतीपाशी ओतले. पाणी फाटकाकडे जाण्याऐवजी मधेच थबकले. डांबरी पृष्ठभागाला साधारण २ टक्के उतार हवा. आमच्या ६० फुटांत सव्वा फुटाच्या आसपास. आमच्याकडे तो मूळ कामातच कमी ठेवला होता आणि फाटकाजवळच्या नालीत सुताचा कचरा, चिंध्या आणि प्लास्टिक भरले होते. आवाराचा निम्मा आजार त्या नालीत होता. ती साफ करायला दोन माणसांना एक सकाळ लागली. मला लाज वाटली हे कबूल करतो.

मरम्मतीचा क्रम

दिवाळी झाली आणि जमीन कोरडी झाली की कामाला लागावे आणि मार्च-एप्रिलपर्यंत संपवावे. मे अखेरीस घाईने केलेले काम पहिल्याच पावसाच्या तोंडी जाते. लेप अगदी शेवटी. त्याआधी नाली, मग भेगा, मग खड्डे.

भेगा नीट पाहाव्यात. सुटी, केसासारखी भेग लेपानेच भरते. पाव इंचाच्या आसपास किंवा त्याहून रुंद भेग वेगळी भरावी लागते. आतले गवत मुळासकट काढावे, तारेच्या ब्रशने आणि हवेच्या झोताने धूळ काढावी, भेग कोरडी आहे याची खात्री करावी आणि मग भेग भरण्याचा बिटुमेनचा मसाला ओतावा. धूळ राहिली तर मसाला धुळीला चिकटतो, दगडाला चिकटत नाही. पण जेथे भेगांचे जाळे पडून जमीन मगरीच्या पाठीसारखी दिसते, तेथे मसाला ओतून पैसे घालवू नयेत. तेथे खालची भरच गेलेली असते. तेवढा चौकोन खणून काढणे हाच इलाज.

खड्डा बुजवण्यात आपल्याकडे सर्वांत जास्त फसवणूक होते. खड्ड्यात पाणी असताना वरून खडी-डांबर टाकायचे आणि फावड्याच्या पाठीने थोपटायचे, हे काम पंधरा दिवसही टिकत नाही. नीट काम असे असते : खड्ड्याच्या बाहेर चांगला भाग लागेपर्यंत जाऊन सरळ कडांचा चौकोन कापायचा, कडा उभ्या ठेवायच्या, घट्ट थर लागेपर्यंत खाली जायचे, सगळे झाडून कोरडे करायचे, तळाला आणि कडांना बिटुमेन इमल्शनचा पातळ हात द्यायचा. मग गरम मिश्रण थराथराने भरून प्रत्येक थर दाबायचा आणि शेवटचा थर किंचित वर ठेवायचा, कारण तो चाकाखाली अजून बसतो. गरम मिश्रण प्लँटमधून १५० ते १६५ अंशांवर निघते आणि ९० अंशांच्या खाली गेल्यावर ते दबत नाही. दुपारी भरलेला माल टेम्पोत ताडपत्रीशिवाय फिरून संध्याकाळी तुमच्या दारात आला तर तो परत पाठवा. छोट्या खड्ड्यासाठी थंड मिश्रणाच्या तयार गोण्या मिळतात. दोन-चार खड्ड्यांना त्या पुरतात, पण दाबणे त्यांनाही चुकत नाही.

हे काम करणाऱ्यांच्या हातापायांकडे लक्ष असू द्या. गरम डांबर अंगावर उडाले तर त्या जागी भरपूर थंड पाणी ओतत राहावे आणि दवाखान्यात न्यावे. चिकटलेले डांबर ओढून काढू नये, कातडी बरोबर येते. आमच्याकडे अजूनही लोक त्यावर रॉकेल लावायला धावतात.

आता लेप. नवीन डांबरीकरणावर लगेच लेप देऊ नये. ते आधी सहा महिने ते वर्षभर मुरू द्यावे. पुढे तीन ते पाच वर्षांनी एकदा पुरे. दरवर्षी चढवलेले थर एकमेकांवर जाड होऊन सोलून निघतात. माल घ्यावा तो बिटुमेन इमल्शनचा. इमल्शन म्हणजे पाण्यात अतिबारीक थेंबांनी मिसळलेले बिटुमेन, दुधात जसा स्निग्धांश असतो तसे. त्याला भट्टी लागत नाही, रॉकेल लागत नाही. लावताना ते चॉकलेटी दिसते आणि पाणी सुटून गेले की काळे होते. हा रंगबदल डोळ्यांनी पाहण्यासारखा असतो आणि तीच कामाची खूणही आहे. चॉकलेटी असेपर्यंत त्यावर मांजरसुद्धा जाऊ देऊ नये. पिंपावर आयएस ८८८७ हा भारतीय मानकाचा क्रमांक आहे का ते पाहावे. गरम बिटुमेन विकत घ्यायचे असेल तर त्याचे मानक आयएस ७३. २००६ पासून त्यात व्हीजी-१०, व्हीजी-३० अशी नावे आली. जुने ठेकेदार अजून ६०/७० म्हणतात, त्यांनाही नवे नाव विचारून बिलावर लिहून घ्यावे.

नुसते इमल्शन फासले तर मामूंसारखा अपघात पुन्हा होईल. त्यात स्वच्छ, कोरडी, खरखरीत वाळू किंवा दगडाची भुकटी हवीच. पायाला आणि टायरला पकड देणारी ती. ट्रक फिरणाऱ्या आवाराला स्लरी सील जास्त चांगले. इमल्शन, दगडाची भुकटी, थोडे सिमेंट आणि पाणी यांचे दाटसर मिश्रण काही मिलिमीटर जाडीने पसरतात. साधा लेप द्यायचा तर एक जाड हात देण्यापेक्षा दोन पातळ हात द्यावेत, पहिला आडवा आणि सुकल्यावर दुसरा उभा. तेलाचे डाग आधी साबणाने घासून काढावेत. डाग खोल असेल तर तेवढा तुकडा कापून नवा भरावा, कारण तेलावर लेप बसतच नाही. काम झाल्यावर आवार निदान एक-दोन दिवस बंद ठेवावे, भरलेल्या ट्रकसाठी आणखी जास्त. टाच रोवून गरकन फिरवून पाहावी. लेप सुटला तर अजून सुकलेले नाही. गोदाम दोन-तीन दिवस बंद ठेवणे व्यापाऱ्याच्या जिवावर येते हे मला ठाऊक आहे, म्हणून आम्ही आवाराचे दोन भाग करून एका वेळी एकच करतो.

ठेकेदाराशी बोलताना कापड घेतो तसेच बोलावे. खळ भरलेला तागा हाताला जड आणि दिसायला चकचकीत लागतो, पहिल्या धुण्यात त्याची अब्रू जाते. म्हणून आपण कोपरा चोळून पाहतो. तसेच येथे चौरस फूट मोजून घ्यावेत, इमल्शनची किती पिंपे लागतील ते आधी लिहून घ्यावे, पिंपे आपल्यासमोर फोडायला लावावीत आणि त्यात पाणी किती घालतो ते उभे राहून पाहावे. नुसता "काळे करून देतो" हा भाव मान्य करू नये. जो आधी नालीबद्दल, उताराबद्दल विचारतो त्याच्याशी बोलणे वाढवावे. आणि बिल घ्यावे.

रोजच्या सवयींनी यातला बराच खर्च वाचतो. ट्रक उभा असताना ड्रायव्हरने जागच्या जागी स्टिअरिंग फिरवू नये, डांबर पिळल्यासारखे होऊन खडी उपटते. कंटेनरच्या ट्रेलरचे पाय टेकवण्याआधी खाली जाड फळी द्यावी. मे महिन्यात मोटारसायकलचे साइड स्टँडही मऊ डांबरात रुतते, त्याखाली पत्र्याचा तुकडा टाकावा. तेल सांडले की लगेच चिंध्या किंवा लाकडाचा भुसा टाकून टिपून घ्यावे. चिंध्या तर आपल्या घरच्याच. ट्रक रोज जेथे तासन्तास उभा राहून माल चढवतो, ती जागा शक्य असेल तर काँक्रीटचीच करावी. आम्ही तेवढी पट्टी तशी करून घेतली आणि बाकीचे आवार डांबरी ठेवले. सगळेच काँक्रीट करा असे सांगणारेही भेटतात. ज्याच्याकडे पैसा आहे आणि काम जमेपर्यंत बरेच दिवस गोदाम बंद ठेवण्याची सोय आहे, त्याने जरूर करावे.

मामू आता आमच्याकडे फाटकावर बसतात. आवाराची देखरेख त्यांच्याकडे आहे आणि ती ते माझ्याहून कडकपणे करतात. पावसाची पहिली जोरदार सर थांबून तासभर गेला की काठी टेकत सगळ्या आवारातून फिरतात आणि जेथे पाणी अजून साचलेले दिसेल त्या जागेचे माप पावलांनी मोजून वहीत लिहून ठेवतात. गेल्या पावसाळ्यात वहीत तीन जागा होत्या. दोन दिवाळीनंतर भरून झाल्या. तिसरी अगदी फाटकाच्या तोंडाशी आहे, तेथे पालिकेचा रस्ता आमच्यापेक्षा उंच झाला आहे, आणि त्या पाण्याचे काय करायचे यावर मामूंचे आणि चाचांचे अजून एकमत झालेले नाही.